तारेवरची शीळ

कुइक्का तळ्याच्या दोन काठांना दोन घरं. अलीकडे सायमी, पलीकडे नेस्तोरी. दोघंही चाळिशी ओलांडलेली, दोघंही एकटी, आणि दोघांनीही जन्मापासून तोंडात मिठाची गुळणी धरलेली. आमच्या लॅपलँडात माणसं तशी कमीच बोलतात, पण या दोघांनी कमाल केली होती. त्यात नेस्तोरीचे पुढचे दोन दात रेनडिअरच्या शिंगानं गेले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

लांडगा आला तर एकमेकांना कळावं म्हणून दोघांच्या वडिलांनी कधीकाळी लष्करातले जुने फोन आणून पाइनच्या झाडांवरून तळ्याला वळसा घालून लांबच लांब तार ओढली होती. म्हातारे गेले, तार राहिली. रोज सकाळी गाईची धार काढून आली की सायमी फोनची मूठ फिरवायची.

"आहेस ना?"

"आहे."

झालं बोलणं. पण फोन कोणी ठेवायचं नाही. कॉफी उकळेपर्यंत दोघं कानाला लावून गप्प उभी. आमच्याकडे असं मिळून गप्प राहणं हा परक्याशी करायचा प्रकार नव्हे, हे सायमीला पक्कं ठाऊक होतं.

आणि एका हिवाळ्यात त्या शांततेत शीळ ऐकू आली. उंच सुरात निघून हळूहळू खाली घरंगळत येणारी, लांब, मऊ शीळ. थोड्या वेळानं पुन्हा एक. सायमीचे कान तापले. हा बाबा तोंडानं एक शब्द बोलणार नाही, आणि शीळ घालतो? तिनं विचारलं नाही. असलं विचारायचं असतं का? त्या दिवशी कॉफी उतू गेली आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

तेव्हापासून औलू शहरातून धाकटी बहीण इम्पी बोलवायची, ये माझ्याकडे, बेकरीत काम आहे, घरात विजेचे दिवे आहेत, आणि सायमी दरवेळी काहीतरी कारण काढायची. गाय गाभण आहे. छप्पर गळतंय. अशी कैक वर्षं गेली. शेवटी एका मार्चमध्ये, सूर्य चांगला वर यायला लागल्यावर, इम्पी स्वतःच न्यायला आली, रिकामी ट्रंक घेऊन.

"गाय विकायची, तू यायचं. यंदा ऐकणार नाही मी," ती म्हणाली. "कोण धरून ठेवलंय गं तुला इथं?"

सायमीनं खूप वेळ कॉफीत चमचा फिरवला आणि मग शिळेचं सांगितलं. इम्पीनं कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं नुसती शीळ? अगं, तेवढ्यात लोकांची नातवंडं होतात."

त्याच आठवड्यात वेधशाळेतला आंतेरो नावाचा पोरगेलासा संशोधक स्कीवरून आला. गावात विजेच्या तारा नाहीत, त्यांची घुरघुर नाही, म्हणून त्याला इथंच काही ऐकायचं होतं. सायमीची लांब तार बघून त्यानं फोन कानाला लावायची परवानगी मागितली, आणि लावल्यावर लहान मुलासारखा हसायला लागला.

"काय सुरेख शीळ आहे, बाई."

सायमी लाजली. "आमचे शेजारी घालतात."

"शेजारी कुठले? पार दक्षिणेतल्या समुद्रावर आकाशात वीज कडाडते. तिच्या रेडिओलहरी हवेच्याही वर चढतात आणि पृथ्वीला वळसा घालून इथं उतरतात. वाटेत उंच सूर पुढे पळतात, खर्जातले रेंगाळतात, म्हणून ही घसरती शीळ. तुमची तार त्या लहरी पकडते आणि फोन त्यांचा आवाज करतो. माणसाचा यात काही संबंध नाही."

तो खुशीत आपली पेटी मांडायला गेला. सायमी तिथंच उभी राहिली. इतकी वर्षं मनातले मांडे खाल्ले, आणि वाढणारा कोण, तर समुद्रावरची वीज.

"ट्रंक भर," ती इम्पीला म्हणाली. "निरोप घेऊन येते."

गोठलेल्या तळ्यावरून ती स्कीवर पलीकडे गेली. नेस्तोरीनं दार उघडलं, खुर्ची पुढे केली, आमच्याकडच्या रीतीनं कपात चीजचे तुकडे टाकून वर कॉफी ओतली. सायमीनं कप तसाच ठेवला.

"नेस्तोरी, फोनवर कधी शीळ घातलीस तू?"

त्यानं विचार केला. मग तोंड उघडून दातांमधलं खिंडार दाखवलं. "यातून?"

खरंच की. रोजचं तोंड, आणि हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मला वाटायचं, तू घालतेस," नेस्तोरी म्हणाला. "म्हणून तर फोन ठेवत नव्हतो."

सायमीनं विजेचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडला, हुबेहूब तिचा पडला होता तसा. ते पाहिलं आणि सायमीनं कप जवळ ओढला.

"इम्पी न्यायला आलीय," ती म्हणाली.

"हं."

कॉफीतलं चीज पार मऊ झालं.

"जाऊ नकोस," नेस्तोरी म्हणाला, आणि एवढं बोलून घामाघूम झाला.

इम्पी औलूला परतली ती रिकामी ट्रंक घेऊनच. पोहोचवायला दोघंही बसपर्यंत आली होती. बसची वाट बघताना तिला राहवेना.

"दाजी, दोन शब्दांचं तर काम होतं. फोन रोज कानाला. तेव्हाच म्हणायला काय झालं होतं?"

नेस्तोरीनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"ती शीळ घालत होती ना," तो म्हणाला. "मध्येच कसं बोलायचं?"