एकसष्ट नंबरची जर्सी

हॉलर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकत होता तेव्हा वेरोना हिर्कोला हंगामात फारसं काम नसे. ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या जर्सींवर नावं शिवून टाकायची, की मग डिसेंबरपर्यंत फाटलेल्या बाह्या आणि उसवलेल्या काखा एवढंच. नावं तीच, माणसं तीच. त्या माणसांनी सहा वर्षांत चार वेळा अजिंक्यपद आणलं आणि पोर्ट हर्मनच्या पोलाद कारखान्यातल्या लोकांना वाटायला लागलं, की हिवाळ्यासारखं हेही दरवर्षी येणारच.

आता, १९८५ मध्ये, तिला मान वर करायला फुरसत नव्हती. हरणाऱ्या संघात शिवणकाम वाढतं, हे बाहेरच्यांच्या डोक्यात येत नाही. दर मंगळवारी दोघा-तिघांना नारळ मिळायचा, बुधवारी त्यांच्या जागी दुसरे हजर. जुन्या नावाची पट्टी उसवायची, त्याच जर्सीवर नवी लावायची. एका जर्सीवर एका हंगामात पाच नावं झाली. पाठीच्या कापडाची टाक्यांच्या भोकांनी चाळण झाली होती, आणि त्या पाचांतल्या दोघांची तोंडंसुद्धा वेरोनाने पाहिली नव्हती.

वेरोना बासष्ट वर्षांची. नवरा कारखाना बंद पडायच्या आधीच वारला, त्यामुळे निदान तेवढं तरी त्याला बघावं लागलं नाही. स्टेडियमच्या पोटात, कपडे धुण्याच्या यंत्रांशेजारी, खिडकी नसलेल्या खोलीत तिचं मशीन होतं. एकोणीस वर्षं ती तिथे बसत होती. सामना बघायला ती वर जात नसे. सोमवारी ढिगातून जर्सी उचलली की तिला सामना कळायचा. पूर्वी माती छातीवर आणि कोपरांवर असायची. अलीकडे सगळी माती पाठीवर असायची.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या बुधवारी सामानखात्याचा नवा प्रमुख, ग्रेग लॅन्सिंग, चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीवर तीन नावं आणि तीन आकडे. तिसरं नाव ब्रूसार, आकडा एकसष्ट.

वेरोनाने चिठ्ठी परत केली आणि सांगितलं, की एकसष्ट देत नाहीत.

तो एमिल ओब्लाकचा नंबर. एमिल बारा वर्षं रांगेच्या मधोमध उभा राहिला. चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून येणारा सव्वाशे किलोचा माणूस अंगावर घ्यायचा, हे त्याचं काम. अशा माणसाचं नाव पेपरात येत नाही. चेंडू फेकणाऱ्याचा आणि पळणाऱ्याचा नंबर मालकांनी समारंभ करून, बँड लावून कायमचा बाजूला ठेवला, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही. ओब्लाकचं पुढच्या वर्षी करू म्हणाले. पुढच्या वर्षी संघ हरायला लागला, आणि हरणाऱ्या संघाला समारंभ सुचत नाहीत. तेव्हाचा प्रमुख चेस्टर डुडेक याने मग कुणाला न विचारता एकसष्टच्या जर्सी खोक्यात घालून वरच्या फळीवर टाकल्या. आणि एमिल शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला खोलीत आला तेव्हा वेरोना त्याला म्हणाली होती, की मी या मशीनवर आहे तोवर त्या आकड्यावर दुसऱ्याचं नाव चढणार नाही. कागदावर काही नव्हतं. चांगल्या दिवसांत लोकांना कागदाची गरज वाटत नाही, ही या गावाची जुनी खोड. कारखान्याच्या पेन्शनचंही तेच झालं.

लॅन्सिंग वाईट माणूस नव्हता. त्याने यादी काढून नीट पाहिली.

"इथे तर तो मोकळा दिसतोय, मिसेस हिर्को. कुठे लिहून ठेवलंय का?"

"लिहिलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळे म्हणजे कोण?"

वेरोनाने मनातल्या मनात हजेरी घेतली. जुने मालक गेले. जुना प्रशिक्षक मुलीकडे ॲरिझोनात. चेस्टर गेल्या हिवाळ्यात निवृत्त होऊन फ्लोरिडाला मासे पकडतोय.

"मी," ती म्हणाली.

तुमच्या भावना समजतात, असं लॅन्सिंग म्हणाला. हे वाक्य बोलणाऱ्याला काहीही समजत नसतं. मग त्याने सरळ सांगितलं, की पोराने कॉलेजात हाच नंबर घातलाय आणि प्रशिक्षकाने हो म्हटलंय. शुक्रवारी तीनपर्यंत जर्सी हवी; जमणार नसेल तर तो बाहेरून शिवून आणेल.

बाहेरून म्हणजे ट्रॉफीच्या दुकानातून. तिथे नावं इस्त्रीने चिकटवतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेरोना खोकं गाडीत टाकून एमिलकडे गेली. वर्तमानपत्रातून त्याला कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं, आणि त्याने नाही म्हटलं तर लॅन्सिंगच्या टेबलावर किल्ली ठेवून घरी जायचं, असं तिने वाटेत ठरवून टाकलं होतं. एमिल एक्केचाळीसचा, खुर्चीतून उठायला त्याला दोन प्रयत्न लागत. त्याची बायको जोअॅन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. ती नुकतीच घरी येऊन चपलाही न काढता बसली होती. तिने पोटिका, म्हणजे अक्रोडाचं सारण भरलेला गोड पाव, कापून पुढे ठेवली.

वेरोनाने आडवळण न घेता सगळं सांगितलं. एमिलने विचारलं, पोरगा कसा आहे.

"बरा असता तर आपल्याकडे आला असता का?"

एमिल हसला. हसताना त्याने मांडीला हात लावला. हसण्यानेही त्याचं काहीतरी दुखत असावं.

"देऊन टाक म्हणावं," जोअॅन म्हणाली. "पाच वर्षं तो आकडा माझ्या घरात फुकट जेवतोय."

"तू गप गं," एमिल म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. मग तो वेरोनाकडे वळला. "मला एकसष्ट कसा मिळाला, माहितीये? खोक्यात माझ्या मापाचा तेवढाच उरला होता. माझ्या आधी लेश्को घालायचा. फ्रँक लेश्को. त्याला विचारायला कुणी गेलं होतं?"

वेरोनाला लेश्को आठवेना. आणि मग आठवला. लालसर मिशा, वाकडं नाक. अडुसष्ट सालची गोष्ट, ती नवीनच होती.

"त्याचं नाव तूच उसवलंस, बाई. मी दारात उभा होतो. तू शिट्टी वाजवत होतीस."

एकोणीस वर्षांत तिने किती नावं उसवली असतील, आणि त्यातल्या एकाच नावासाठी ती नोकरीवर पाणी सोडायला निघाली होती. तरीही ती म्हणाली, "मी तुला शब्द दिला होता, एमिल."

"मोकळं केलं तुला." त्याने खोक्यातली जर्सी उचलली, काखेत बोट घालून पाहिलं. "फक्त बाह्या घट्ट घे. हल्ली या पोरांच्या जर्सी पडद्यासारख्या लोंबतात. समोरच्याला मूठभर कापड मिळालं की संपलं."

जर्सी खोक्यात परत ठेवायला त्याने बराच वेळ लावला. दरवेळी तो तिला फाटकापर्यंत सोडायला यायचा. आज आला नाही. पाय दुखतात, असं जोअॅन म्हणाली, आणि वेरोनानेही तसंच धरून चालायचं ठरवलं.

शुक्रवारी दुपारी एकला काम झालं. ब्रूसार लुइझियानाचा, बावीस वर्षांचा, अदबशीर. जर्सी चढवायला दोन जणांनी खालून ओढावी लागली.

"मिस वेरोना, रक्त अडतंय हो."

"अडू दे. तीन तासांत मरत नाही कुणी. आणि गुदमरलास तर टाके दाताने तोड, पण बाही सैल करून मागायची नाही."

एकसष्ट कुणाचा होता, ते तिने त्याला सांगितलं. त्याने नाव ऐकलं नव्हतं. ऐकल्यासारखं मात्र केलं, तेवढी रीत त्याला होती.

रविवारी हॉलर्स तीस-सहा असे हरले. सोमवारी वेरोनाने ढिगातून एकसष्ट आधी काढली. माती पाठीवरच होती, इतरांसारखी. पण खांदा शाबूत होता, एक टाका सुटलेला नव्हता. पुढचे तीन सामनेही तसेच गेले. चौथ्या मंगळवारच्या यादीत ब्रूसारचं नाव होतं.

तो दुपारी खोलीत आला, नारळ मिळालेले सहसा येत नाहीत. घट्ट बाहीबद्दल आभार मानून गेला. बुधवारची चिठ्ठी आली, तिच्यात एकसष्टपुढे दुसरंच नाव. वेरोनाने पट्टी उसवली आणि एमिलला फोन केला. सांगायची गरज नव्हती. पण एकदा सुरू केलं ते निदान सांगून तरी संपवावं.

पोरगा आता काय करणार, असं एमिलने विचारलं.

"घरी जाईल. बापाची कोळंबीची होडी आहे म्हणत होता."

"गुडघे?"

"धड आहेत. माझ्या जिन्यावरून पळत गेला."

"मग सुटला," एमिल म्हणाला. "पुढच्याचं मला सांगू नकोस, वेरोना. आता पुरे."

तिने बरं म्हटलं. नवं नाव अकरा अक्षरांचं होतं, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारं. तिने मशीनचा दिवा लावला आणि अक्षरं कापायला घेतली.