तळहातावरची तंबाखू

आज ओट्यावर व्याह्यांनी माझ्या तळहातावरची तंबाखू चिमटीत उचलली, माझं मळून व्हायच्या आधीच. मी बघत राहिलो. बरं वाटलं.

पोराच्या साखरपुड्यात, भरल्या पंगतीत हेच हसून म्हणाले होते, "पाव्हणं, तुमच्यानं काय तंबाखू सुटायची नाही."

तोवर मी दर सणाला पिशवी उकिरड्यावर फेकायचो आणि दुसऱ्या दिवशी नवी आणायचो. दुसरीत शाळा सोडलेला माणूस मी, पण एवढं कळलं. फेकणाऱ्याला नुसतं सोडावंसं वाटत असतं. ज्याचं ठरलं, तो पिशवी खिशात घेऊन फिरतो. त्या दिवसापासून मी चुना लावून मळतो, ती फक्त त्यांच्यासाठी.

"पाव्हणं, मीबी सोडीन म्हणतो. उद्यापासनं," ते म्हणाले.

"सोडा की," म्हटलं, आणि दुसरी चिमूट मळायला घेतली.