सनईची रेकॉर्ड

समुद्रपुरात लग्न कोणाचंही असो, भोंगा माणिकरावांचाच. माणूस दिलदार, पण राग नाकाच्या शेंड्यावर. सनईची रेकॉर्ड खरखरायला लागली तेव्हा त्यांनी सारं खापर बायकोच्या डोक्यावर फोडलं. प्रमिलाबाईंनी तिच्यावरची धूळ एकदाच पदरानं पुसली होती. "काऊन हात लावला?" हे त्या मग वर्षानुवर्षं ऐकत राहिल्या.

२००४ साली मुलीच्या लग्नाचे दागिने करायला दोघं वर्ध्याला गेले. तिथल्या निकेश सोनाराकडे दागिने धुवायचं नवं यंत्र आलं होतं. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं टाकीतलं पाणी थरथरायचं आणि फटीफटीतला मळ सुटून यायचा.

"यात माही रेकॉर्ड धुतल्या जाईन का?" माणिकरावांनी विचारलं. पुढच्या खेपेला दोघं ती घेऊनच आले.

निकेशनं भोकात पेन्सिल घातली, रेकॉर्डची कड पाण्यात बुडवली आणि हळूहळू फिरवू लागला. पाणी लाल झालं.

"अरे थांब, लेबल विरघळून राह्यलं!"

"लेबल कोरडंच आहे, काका. हे कुंकू होय. रेकॉर्डवर कुंकू कोण वाह्यते?"

दर दसऱ्याला रेकॉर्डची पूजा माणिकराव स्वतः करत. बायकोला जवळही फिरकू देत नसत.

लग्नात सनई स्वच्छ वाजली आणि प्रमिलाबाईंचा जीव भांड्यात पडला. दसऱ्याला नवऱ्यानं करंडा उचलताच त्या म्हणाल्या, "कुंकू रेकॉर्डच्या पेटीवर वाहा. धूळ पुसाले माहा पदर आहे."