मधली अकरा पानं

खुर्शिद शेख शिरूरला ब्लाऊज शिवायची. शाळा मराठी, तीही सातवीपर्यंत. पण वाचनाचं वेड असं की बाजारपेठेमागच्या वाचनालयाचं कार्ड ती रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवायची. एक लेखिका तिची फार आवडती. ती बायकांचं लिहायची, पण उगाच रडवायची नाही. तिची पुस्तकं विकत घ्यावीत असं खुर्शिदला कधी वाटलं नाही. म्हणायची, "धा बायांनी आधी वाचलेलं पुस्तक हातात आलं की सोबत असल्यावानी वाटतं."

१९९७ साली त्या लेखिकेची एक जुनी कादंबरी तिनं घरी आणली. नवऱ्याचं घर सोडलेली बाई शहाण्णवाव्या पानावर एका ओळखीच्या माणसाचं दार वाजवते, आणि पुढचं पान थेट एकशे एकोणीस. मधली अकरा पानं, पाठपोट बावीस पृष्ठं, मुळापासून फाडलेली.

खुर्शिद पुस्तक घेऊन वाचनालयात गेली. ग्रंथपाल म्हाळू रजिस्टर चाळायला लागला. बोलले ते शेजारी पेपर वाचत बसलेले अध्यक्ष हनुमंत गुरुजी, निवृत्त मास्तर.

"मी काढली ती पानं. घाण होती. पोरीबाळी वाचतात इथं."

"म्हंजी तुम्ही वाचली?"

"वाचल्याशिवाय कसं कळणार, बाई?"

खुर्शिद पुस्तक घेऊनच घरी आली. पंधरा दिवसांनी गुरुजींची बायको भागुबाई ब्लाऊजचं माप द्यायला आली, तेव्हा खुर्शिदनं त्या पानांचा विषय काढला. भागुबाई माप देता देताच म्हणाली, "एका पुस्तकाची कुठं? ट्रंकभर हायत. जेवण झालं की दार लावून वाचत बसत्यात. मला सांगत्यात, संस्थेचं काम हाय."

"काकू, सत्त्याण्णव आकड्यापासनं माझी तेवढी अकरा आणून द्याल?"

भागुबाईनं दुसऱ्याच दिवशी आणली. पुस्तकात शिवून टाकावीत म्हणून खुर्शिदनं सुईदोरा काढून ठेवला होता. तिनं पुडकं उघडलं. पानं हाताळून हाताळून मऊ पडलेली, कोपरे थुंकीनं काळे, वर तेलाची बोटं आणि तंबाखूची भुकटी. लाल पेन्सिलीच्या रेघा. बाईचा पदर ढळतो त्या ओळीखाली दोन. पुढं ती बाई गेलेल्या लेकराचं सांगते, त्या दीड पानाला पेन्सिल शिवलीसुद्धा नव्हती.

खुर्शिदनं पानं चिमटीत धरून परत दिली. "न्या, काकू. ही मी शिवणार न्हाई." मग साबणानं दोनदा हात धुतले, मशीन पुसलं.

तिची बहीण राबिया दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहायची. खुर्शिद एसटीनं तिच्याकडं गेली. तिथल्या वाचनालयात तीच कादंबरी होती, स्वच्छ. मेहुण्याच्या कार्डावर घेतली आणि चार दिवस बसून बावीसच्या बावीस पृष्ठांचा मजकूर तिनं वहीच्या कागदावर उतरवला. त्या बाईनं त्या घरात प्यायला पाणी मागितलं होतं, आणि कुणीतरी आपलं ऐकावं, एवढंच. लिहिताना खुर्शिदला गुरुजींची ती पेन्सिल आठवायची, की पुन्हा उठून हात धुऊन यायची.

शिरूरला येऊन तिनं ते कागद पुस्तकात पक्के शिवले आणि पुस्तक गुरुजींसमोरच म्हाळूच्या हातात दिलं.

"गुरुजी, परत वाचावंसं वाटलं तर कार्डावर न्या, समद्यांसारखं. आन् हात धुऊन."

गुरुजींनी पेपराची घडी केली आणि चप्पल घालून निघून गेले. म्हाळूनं पुस्तक कपाटात लावलं. त्या वर्षी ते सात जणींनी नेलं.

पण गुरुजींना कुणी काढलं नाही. २००५पर्यंत तेच अध्यक्ष होते. ग्रंथप्रदर्शनात संस्कारांवर भाषणं द्यायचे, लोक टाळ्या वाजवायचे. खुर्शिद ते निघून गेल्यावरच वाचनालयात जायची. ट्रंकेतली बाकीची पानं भागुबाईनं एके दिवशी पाणी तापवायच्या बंबात घातली. ती कुठल्या पुस्तकांची होती, ते कुणालाच सांगता आलं नाही. अजूनही एखादं पुस्तक मधेच तुटलेलं निघालं की खुर्शिद तोंड कडू करते आणि ते दोन बोटांनी टेबलावर ठेवते.