कुणाच्याच ओळखीची नसलेली

बाई कंपनीत संचालक मंडळाचं इतिवृत्त लिहायच्या. सव्वीस वर्षं. बैठकीत कोण काय बोललं ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून टिपायचं आणि बाहेर त्यातलं अवाक्षर काढायचं नाही, ही नोकरीची अट. हळूहळू बाईंची बोलायची सवयच मोडली. त्या डबा घेऊन बसल्या की शेजारच्या टेबलावरच्या मुली आवाज खाली आणायच्या. रविवारी धाकट्या बहिणीचा फोन यायचा, "ताई, काय विशेष?" विशेष पुष्कळ असायचं. बाई हवापाण्यावर निभावून न्यायच्या.

त्या वर्षी कारखान्यात बॉयलर फुटला, दोन कामगार भाजले. मंडळातल्या नऊ जणांत यंत्रातलं कळणारे एकच, ऐंशीला टेकलेले इंजिनियर. आणि तेही आता निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी काही लागाबांधा नसलेला माणूस, घ्यायचा ठरला. निवड समितीपुढे पाच जणांचे बायोडेटा आले.

अध्यक्षांनी त्यातला एक उचलला. त्यांच्या कॉलेजातल्या मित्राचा. "आपला माणूस आहे. कटकट नाही."

"आणि ही बॉयलर तपासनीस?" इंजिनियर म्हणाले. "वीस वर्षांचा अनुभव. तीन कारखान्यांना टाळं लावलंय हिने."

"हिला ओळखतं कोण?"

अध्यक्षांनी टेबलाभोवती नजर फिरवली आणि तो बायोडेटा बाजूला सारला.

"मग झालं तर."

"साहेब, कुणी ओळखत नाही म्हणूनच तर घ्यायची ना?"

हे आपणच बोललो, हे सगळ्या माना वळल्यावर बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी मान वहीत घातली. इंजिनियर मात्र खुदकन हसले. "बाई, सूचना माझी म्हणून लिहा. बोलवा त्यांना मुलाखतीला."

मुलाखत दीड तास चालली. तपासनीस मॅडमनी उत्तरं थोडी दिली, प्रश्नच जास्त विचारले. महिन्याभरात त्यांची नेमणूक झाली. अध्यक्षांनी आवाज काही चढवला नाही. फक्त पुढच्या सोमवारी बाईंची बदली तळघरातल्या दफ्तरखान्यात झाली.

"का गं बदली?" बहिणीने विचारलं.

"वय झालं आता," बाई म्हणाल्या.

तीन महिन्यांनी मॅडमच्या पहिल्या बैठकीचं इतिवृत्त फायलीत लावायला खाली आलं. बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं, मग स्टूल ओढून पुन्हा वाचलं. नव्या संचालकांनी अकरा प्रश्न विचारले होते. चार दिवस कारखाना बंद ठेवून सगळे बॉयलर तपासायचं ठरलं होतं. हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. समोर कपाटांच्या रांगा होत्या.

त्याच आठवड्यात मॅडम वाट चुकून तळघरात उतरल्या. "अहो, बाहेर कुठून जायचं?"

"डावीकडे, मग जिना."

"नवीन आहे मी इथे. कुणी ओळखीचं नाही अजून."

"हो का," बाई म्हणाल्या, आणि जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत दारातच उभ्या राहिल्या.