आईंच्या हातचं ताक

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तसं माझं छान चाललंय. लेक सोनू कॉलेजात जाते, दगडही पचवेल असं पोट आहे तिचं. चिंचपोकळीच्या खोलीत आम्ही चौघं सुखात आहोत. मग आता हे कशाला उकरायचं? — पण कालपासून राहवत नाही.

सोनू तीन वर्षांची असताना तिला जुलाब लागले. आमच्या चाळीत उरलेलं औषध कुणी फेकत नाही. आमटीच्या वाटीसारखं ते या खोलीतून त्या खोलीत जातं. शेजारणीच्या फ्रीजमध्ये तिच्या मुलाच्या कानदुखीचं अँटिबायोटिक अर्धी बाटली उरलं होतं. ते मी आणलं आणि दोन दिवस — कुणाला न सांगता — सोनूला पाजलं. वाटलं, दवाखान्याची रांग वाचली! जुलाब वाढले. पोरीने मान टाकली, तेव्हा कुठे हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरांनी विचारलं, आधी काही औषध दिलंत? मी म्हटलं, नाही. मग खाल्लं काय होतं? — आणि मी म्हटलं, आजीने ताक दिलं होतं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारीच उभ्या होत्या. ताक त्यांनी दिलं होतं, तेवढं खरंच होतं. मी घाबरले होते का? होतेच. पण खरं सांगू? — त्यांच्या ताकाचं सगळी चाळ कौतुक करायची, ते मला खुपायचं.

सोनू तीन दिवसांत सलाइनवर सावरली. नंतर तपासणीला गेले, तर तेच डॉक्टर दुसऱ्या एका आईला समजावत होते — नको तेव्हा दिलेलं औषध पोटातले चांगले जंतूही मारतं, मग जुलाब लांबतात. घरचं ताजं ताक बाधत नाही. मी सगळं ऐकलं, सोनूला कडेवर घेतलं आणि घरी आले. आईंनी मात्र सोनूला पुन्हा कधी ताक दिलं नाही.

काल शेजारणीची सून आली. तिच्या मुलाचं पोट बिघडून नुकतंच बरं झालंय, डॉक्टरांनी ताक द्यायला सांगितलंय. म्हणाली, "आजी, तुमच्या हातचं द्या ना."

आई हसल्या. "माझ्या हातचा नको गो बाय. माझ्या ताकान आमच्या सोनूक हॉस्पिटल दाखवल्यान."

मी तिथेच भाजी निवडत बसले होते. आता तरी बोलावं की नाही?

मी उठले आणि तिला माझ्या हातचं ताक वाटीभर दिलं.