सहा टप्प्यांची शर्यत, चार दिवसांची रजा

आनंद नगरच्या चहाच्या टपरीवर तो भर मे महिन्यात रॅलीचं जाड जाकीट घालून यायचा. आमच्याच कारखान्यातला कुणी फिटर. नाव मी कधी विचारलं नाही. बशीत साखर ओतून तो वाळवंट मांडायचा आणि त्यातून बोटाने मोटरसायकल हाकायचा. "पहिल्या टप्प्यात वाळू, दुसऱ्यात दगड, तिसऱ्यात तर रस्ताच गायब!"

"आणि चौथ्यात?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"परत आलो. गाडी ठणठणीत होती. टप्पे सहा होते, पण रजा चारच दिवसांची मंजूर झाली होती."

"मग मारायची दोन दिवस दांडी!"

"सर्व्हिस बुकात शेरा आला असता ना, भैया," तो आवाज खाली आणून म्हणाला.

मी खो खो हसलो. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजला आणि अर्धा चहा टाकून त्याच्याआधी मीच गेटकडे पळालो.